चिखलातले निळे तुरे

निवृत्त झालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, की आता आराम करा. हे सांगणाऱ्यांपैकी कोणीही स्वतः निवृत्त झालेला नसतो. मला तर पहिल्याच सोमवारी कळून चुकलं, की आराम हे काम आपल्याच्याने होणारं नाही. सकाळी मी घरातली सगळी घड्याळं पुसली. मग कुरकुरणाऱ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग न कुरकुरणाऱ्या दारांच्याही. दुपारी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आणि संध्याकाळी बायकोने ते पुन्हा गरजेप्रमाणे लावले. मंगळवारी ती म्हणाली, "अहो, तुम्ही जरा बाहेर जाऊन या."

"कुठे?"

"कुठेही," ती म्हणाली.

माझी सगळी हयात टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात गेली. लोक यायचे, तावातावाने बोलायचे, मी त्यांच्याकडे सहानुभूतीने बघायचो आणि म्हणायचो, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. योग्य वेळी योग्य ती कार्यवाही होईल." या एका वाक्यावर मी संसार केला, मुलीचं लग्न केलं आणि तळमजल्यावरचं हे घर घेतलं. निरोपाच्या दिवशी खुर्ची खात्याची म्हणून तिथेच राहिली, पण खुर्चीवरची उशी माझी स्वतःची होती, ती मी काखेत मारून घरी आणली. चॉकलेटी रेक्झिनची, कडेला गुबगुबीत आणि मध्ये माझ्या आकाराची खोलगट. घरात दुसरं कोणी तिच्यावर बसलेलं मला खपत नसे. खरं तर मलाही ती आता लागत नव्हती, कारण मी मुळी बसतच नव्हतो.

आता खिडकीबद्दल सांगतो, कारण सगळं त्या खिडकीसाठी घडलं. आमच्या मागच्या खोलीत बायकोचं टेबल आहे. ती एका छापखान्याची मुद्रितं तपासते. बारीक अक्षरांचं पान वाचून झालं की मान वर करायची आणि लांब, हिरव्या गोष्टीकडे बघायचं, असं तिला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. औषधांपेक्षा तिला त्याचाच गुण येतो. तिच्या खिडकीसमोर इमारतीच्या मागची मोकळी जागा येते. आमचं सगळं गाव समुद्राकाठच्या सपाट, सखल जमिनीवर वसलेलं. ती जागा त्यातही सखल. मोठी भरती आली की जमिनीतलं पाणी तिथे खालून वर येतं आणि कुठे जावं हे न सुचल्यासारखं तिथेच थांबतं. गवत, लव्हाळे, चिखल आणि डास, एवढाच तिथला ऐवज. पण हिरवा होता.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मोकळी जमीन बघवत नाही. त्यांची गाडी फाटकाजवळच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली उभी असते. टाकी रोज भरून वाहते आणि ते पाणी गाडीच्या मागच्या काचेवर पडतं. टाकीचा बॉलकॉक बदलला की प्रश्न मिटला. पण बॉलकॉक बदलणं हे सेक्रेटरींचंच काम असल्यामुळे ते कित्येक वर्षं झालेलं नाही. त्यापेक्षा मागच्या सगळ्या जागेवर काँक्रीट घालावं आणि तिथे गाड्या लावाव्यात, असा ठराव त्यांनी वार्षिक सभेत आणला. डास जातील, चिखल जाईल आणि गाडी कोरडी राहील. सगळ्यांच्या माना हलू लागल्या.

मी बायकोकडे बघितलं. तिने फक्त चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागली. चष्मा स्वच्छच होता. एवढ्या वर्षांच्या सहवासात मला एक गोष्ट कळलेली आहे, की ही भांडली तर काळजीचं कारण नाही, पण चष्मा पुसायला लागली तर आहे. मी ताडकन उभा राहिलो. म्हणालो, "तिथे मी बाग करतो. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तिथे बाग दिसली नाही, तर काँक्रीटच्या ठरावाला अनुमोदन मी देईन."

सेक्रेटरी म्हणाले, "शब्द देताय?"

"देतोय," मी म्हणालो. त्याआधी माझ्या हातून जगलेली एकमेव वनस्पती म्हणजे फ्रिजमधला कांदा.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी फावडं घेऊन मागे उतरलो. खूप दिवसांनी अंगात उत्साह संचारला होता. इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ल्यांची रीघ लागली. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते गॅलरीतून वाकून म्हणाले, "मूळ महत्त्वाचं. मूळ पक्कं धरलं पाहिजे. बाकी सगळं दिखाऊ." सर्वांत वर गच्चीवाल्या काकू राहतात. त्यांच्या गच्चीत कुंड्या ठेवायला आता जागा नाही, त्यामुळे झाडांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्या म्हणाल्या, "आधी माती बदला."

"कोणती माती?"

"आहे ती सगळी."

मी टेम्पोभर लाल माती आणून टाकली. ती त्या चिखलात गडप झाली आणि जागा होती तशीच दिसू लागली. तिच्यावर मी गुलाब लावले. गुलाब पिवळे पडले. शेवंती लावली, तिने मान टाकली. डॉक्टर म्हणाले, हिरड्या कमकुवत आहेत, चुना टाका. मी चुना टाकला. मग काकू म्हणाल्या, चुना कोणी टाकायला सांगितला? मग तो चुना काढण्यात एक आठवडा गेला. क्रोटनची रोपं आणली, ती तर नर्सरीतल्या मुलीने "ही कशातही जगतात" असं सांगून दिली होती. आमच्या मागच्या अंगणाची तिला कल्पना नसावी. माझी अस्वस्थता वाढतच चालली. जेवतानाही मला मुळं कुजल्याचा वास यायचा आणि मी हातातला घास ठेवून खिडकीशी जाऊन बघून यायचो.

या सगळ्यात एकच झाड तिथे जोमाने वाढत होतं, आणि ते मी लावलेलं नव्हतं. रुंद, गुळगुळीत, तुकतुकीत पानं, आणि अंगठ्याएवढा जाड दांडा. काल नव्हतं तिथे आज उगवायचं. माझे गुलाब मरायला टेकलेले आणि हा आगंतुक चिखलात पाय सोडून मजेत उभा. मला त्याचा असा काही राग यायचा की बस. रोज सकाळी चहाच्या आधी मी ती झाडं उपटायचो. चिखल ती सोडायला तयार नसे. मग दोन्ही हातांनी ओढायचं, आणि झाड सुटलं की मी मागे बसायचो. उपटलेली झाडं टाकायची कुठे? कचऱ्याची गाडी ओला चिखल घेत नाही. म्हणून मी ती नेऊन फाटकाजवळच्या कोपऱ्यात, सेक्रेटरींच्या गाडीमागे, टाकीच्या गळतीखाली भिरकावून द्यायचो. गाडीच्या आड कोणाला दिसत नसत, आणि सेक्रेटरींच्या हद्दीत थोडी घाण झाली तर मला त्याचं दुःख नव्हतं.

शेवटी मी या निष्कर्षावर आलो, की खरा शत्रू पाणी. पाणी काढायचं तर गटार हवं, आणि गटार हवं तर नगरपालिका. इथे मात्र मी निर्धास्त होतो. तक्रार कशी करतात हे मला कोण शिकवणार?

पालिकेत पाण्याच्या निचऱ्याचं खातं जिन्याखाली आहे. टेबलामागे एक तरुण साहेब होते आणि त्यांच्या खुर्चीत उशी होती. उशी बघताच मी ओळखलं, की हा माणूस इथे मुक्कामाला आला आहे. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. ती सहानुभूती माझ्या चांगलीच ओळखीची होती, त्यामुळे पुढे काय येणार हे मला आधीच कळलं.

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," साहेब म्हणाले. "योग्य वेळी योग्य ती कार्यवाही होईल."

माझंच वाक्य. एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता. मी म्हणालो, "साहेब, मी स्वतः तक्रार विभागात होतो."

"मग तुम्हाला समजावून सांगायला नको," साहेब म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे बघू लागले. हीही माझीच पद्धत. पालिकेतून बाहेर पडताना मला माझ्याकडे येऊन गेलेली सगळी माणसं आठवली आणि ऊन नसतानाही घाम आला.

पण मी पिच्छा सोडला नाही. घरात बसवत नव्हतंच, तेव्हा रोज एक फेरी पालिकेत मारायला माझी हरकत नव्हती. अखेर कंटाळून त्यांनी एक निरीक्षक पाठवायचं कबूल केलं. नेमके ते दिवस लहान भरतीचे, आणि मागची जागा कोरडी ठाक. वर्षभर नको असताना साचणारं पाणी पाहुणे येणार म्हटल्यावर गायब. मी तातडीने धुण्याच्या मशीनची नळी खिडकीतून बाहेर सोडली. गच्चीतून काकूंचा आवाज आला, "अहो, तुम्हाला तिथलं पाणी काढायचंय ना?"

"हो."

"मग घालताय का?"

"दाखवायचंय," मी म्हणालो. काकूंनी मग खाली माझ्या बायकोला फोन करून माझी तब्येत विचारली.

निरीक्षक आले, चिखलाच्या कडेला उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. "याला फेस कसा?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "इथल्या पाण्याला असतो." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. वरून डॉक्टर, काकू आणि स्वतः सेक्रेटरी हे सगळं बघत होते. ज्याच्यापुढे एके काळी लोक हात जोडून उभे राहत, तो मी त्या दिवशी साबणाच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभा होतो.

त्यानंतर पालिकेकडून काही हालचाल दिसेना. मीही थकलो. उपटायचा कंटाळा करू लागलो. आणि अशात एका रविवारी माझी मेहुणी जेवायला आली.

ही माझ्या बायकोची धाकटी बहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि घरी आली तरी शिकवायचं थांबत नाही. हात धुऊन ती मागच्या खोलीत गेली आणि तिथेच थबकली. बायकोच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात एक तुरा होता. निळा, जांभळ्याकडे झुकणारा, बारीक बारीक फुलांचा. खालची फुलं उमललेली, वरच्या कळ्या अजून मिटलेल्या.

"ताई, हा कुठे मिळाला?"

"हे उपटतात ना, त्याच झाडाचा आहे. एक झाड खिडकीखाली यांच्या नजरेतून सुटलं होतं. त्याला फूल आलं. चार दिवस झाले, अजून टवटवीत आहे बघ."

मेहुणीने माझ्याकडे वळून बघितलं. नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं. "भाऊजी, तुम्ही हे उपटता?"

"तण आहे ते," मी म्हणालो.

"तण तुम्ही. म्हणजे आपण सगळे. हे इथलं मूळचं रहिवासी आहे. हे गाव वसायच्या आधी समुद्रापर्यंत सगळी पाणथळ होती, आणि तिच्यात हेच फुलायचं." तिने त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं. ते इतकं लांब होतं की ते संपेपर्यंत मला त्याची सुरुवात आठवेना. बायको त्याला नुसतं 'निळं' म्हणायची, मग आम्हीही तेच धरलं.

जेवताना मेहुणीने माझा वर्गच घेतला. या झाडाला खत नको, फवारणी नको, छाटणी नको. फक्त पाय ओले हवेत. जिथे गुलाब कुजतो तिथेच हे फुलतं. तळ्याच्या कडेला लावा, टबात लावा, सखल कोपऱ्यात लावा. त्याची मुळं चिखल धरून ठेवतात आणि गढूळ पाणी निवळतं. फुलांवर मधमाश्या येतात, फुलपाखरं येतात. असं बारमाही पाणी असलं की चतुर कीटक अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं डासांच्या अळ्या फस्त करतात. मी विचारलं, "एवढं गुणाचं झाड, तर लोक बागेत लावत का नाहीत?"

"आपोआप उगवतं ना," मेहुणी म्हणाली. "आपोआप येणाऱ्याला कोण विचारतं?"

"मग आता मी काय करू?"

"काही करू नका. हात बांधून बसा."

मला हेच जमत नाही, हे तिला कसं सांगणार? पण खिडकीसाठी तेही केलं. मी उपटणं सोडलं. सकाळी उठून नुसता खिडकीशी उभा राहायचो आणि हात मागे धरायचो. काही दिवसांतच मुळांशी राहिलेल्या तुकड्यांतून नवी पानं फुटली. मग दांडे आले. मग पाण्यावर एक लाल चतुर येऊन घिरट्या घालू लागला. एका सकाळी मी दारातून आत बघितलं, तर बायकोने पान संपवून मान वर केलेली. तिने बराच वेळ ती खाली घातलीच नाही. खिडकीत तीन तुरे वाऱ्यावर डुलत होते. मला फार बरं वाटलं. मी कधी तिला काही मोठं असं दिलेलं नाही, आणि हेही मी दिलेलं नव्हतं, पण निदान ते उपटायचं तरी थांबवलं होतं.

आणि त्याच आठवड्यात पालिकेचा ट्रक आला.

ट्रकमध्ये पाइप होते, विटा होत्या, कामगार होते, आणि पुढे ते उशीवाले साहेब. "अभिनंदन," ते म्हणाले. "तुमची तक्रार मंजूर झाली."

मी त्यांना आडवा गेलो. म्हणालो, "साहेब, आता नको. आता पाणी हवंय."

"कोणाला?"

"झाडाला. आणि माझ्या बायकोला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग निरीक्षकांकडे. निरीक्षक त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटले. त्यातला 'फेस' एवढा शब्द मला ऐकू आला. साहेब म्हणाले, "हे बघा काका, काम मंजूर झालं म्हणजे झालं. ते मागे घ्यायची सोय आमच्याकडे नाही. गटार झाल्यावर तुम्ही गटाराविरुद्ध तक्रार करू शकता."

"आणि मग?"

"मग ती आम्ही नोंदवून घेऊ."

काम मात्र नेटकं झालं, हे कबूल केलं पाहिजे. जागेच्या अगदी खालच्या टोकाला विटांची एक छोटी चौकट आणि तिच्यात गोल तोंडाचा पाइप. संध्याकाळपर्यंत पाणी घटाघट आवाज करत त्यात निघून गेलं. चतुरही गेला. कामगारांच्या बुटांखाली सापडली नाहीत तेवढी झाडं उरली, त्यांची पानं दुसऱ्या दिवसापासून कडेने करपू लागली. मी न्हाणीघरातून बादल्या भरभरून नेऊन ओतू लागलो. ओतलेलं पाणी सरळ पाइपाकडे धावायचं. काकू गच्चीतून म्हणाल्या, "आता काय, गटार दाखवायचंय का?" मी पुढची बादली भरायला गेलो.

तुम्ही म्हणाल, पाइपाचं तोंड बंद करून टाकायचं. पण माझा जन्म सरकारी नोकरीत गेला. खात्याने केलेल्या कामाला स्वतःच्या हाताने बोळा कोंबायचा, हा विचारसुद्धा माझ्या मनाला शिवला नाही. मी रीतसर पालिकेत गेलो आणि गटाराविरुद्ध तक्रार केली. ती नोंदवून घेतली गेली. माझ्या पायाला तर भिंगरीच लागली होती. पालिका, न्हाणीघर, अंगण, पालिका. रात्री अंथरुणावर पडलो तरी पाय आपले चाललेलेच. बायको म्हणाली, "जाऊ द्या आता. मी टेबल पुढच्या खोलीत हलवते." पुढच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

वार्षिक सभेचा दिवस उजाडला. आमच्याकडे सभेसाठी हॉल वगैरे नाही. फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी आपापल्या घरून खुर्ची घेऊन यायचं, अशी पद्धत. जागा व्हावी म्हणून सेक्रेटरी वर्षातून त्या एकाच दिवशी आपली गाडी तिथून हलवून बाहेर रस्त्यावर काढतात. मी माझी खुर्ची आणली. तिच्यावर ती चॉकलेटी उशी ठेवली, कारण बेअब्रू व्हायचीच आहे तर निदान आपल्या बैठकीवर बसून व्हावी. आणि बसता बसता समोर बघितलं, तर बसायचंच विसरलो.

गाडी हललेली होती. टाकीखालचा सगळा कोपरा निळा झाला होता. रोज सकाळी मी उपटून भिरकावलेलं एकूण एक झाड त्या गळतीखाली रुजलं होतं, फोफावलं होतं आणि फुललं होतं. एवढे तुरे, की मागची भिंत दिसेना. वर मधमाश्यांचा गुंजारव. लोक खुर्च्या तशाच हातात धरून उभे राहिले.

सेक्रेटरींचाही चेहरा क्षणभर कोरा होता. पण माणूस मुरलेला. दुसऱ्या क्षणी ते म्हणाले, "म्हटलं आधीच कशाला बोलून दाखवायचं? सभेच्या दिवशीच सगळ्यांना बघू दे." टाळ्या पडल्या.

मी म्हणालो, "ती झाडं माझी आहेत."

"तुम्ही लावलीत?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"लावली नाहीत. टाकली. उपटून."

"म्हणजे तुम्ही लावलेली सगळी मेली," काकू सावकाश म्हणाल्या, "आणि उपटून टाकलेली जगली?"

खरं बोलून माणसाचं इतकं हसं होऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. हसणं ओसरल्यावर सेक्रेटरींनी ठराव मांडला. बाग आता झालेलीच आहे, तेव्हा ती जपली पाहिजे. त्यासाठी त्यांना आपली गाडी इथून हलवावी लागेल, हा त्याग करायला ते तयार आहेत. मागची जागा आपल्या तळमजल्यावरच्या मित्रांच्या अथक प्रयत्नांमुळे कोरडी झालेली आहे. सबब जागा कोरडी असल्यामुळे काँक्रीटचाही खर्च नको, गाडी आजपासूनच तिथे लावता येईल. "आणि अनुमोदन," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "गेल्या वर्षीच्या शब्दाप्रमाणे आपणच द्यावं." वर माझ्या आभाराचाही ठराव झाला.

मी बायकोकडे बघितलं. तिने चष्मा काढला होता आणि पुसत होती.

मी अनुमोदन दिलं. शब्द दिलेला होता. सभा संपली, चहा झाला आणि जो तो आपापली खुर्ची उचलून घराकडे निघाला. कोणाच्या डोक्यावर खुर्ची, कोणाच्या काखेत स्टूल. त्या गर्दीत काखेत उशी घेतलेल्या माणसाकडे कोण बघतो? मी घराच्या दाराशी खुर्ची टेकवली आणि तसाच वळसा घालून मागे गेलो. सुकलेल्या दांड्यांमधून वाट काढत विटांच्या चौकटीपाशी पोचलो. उशी एकदा मांडीवर घेऊन बघितली. मध्ये माझ्या आकाराचा खोलगट खड्डा. मग तिची घट्ट वळकटी केली आणि पाइपाच्या तोंडात घातली. आत सरकवली, टाचेने दाबली. रेक्झिन फुगून कडेला असं चपखल बसलं, की जणू ती शिवली होती तीच यासाठी. उभ्या आयुष्यात केलेलं हे माझं पहिलं बेकायदा काम, आणि खरं सांगायचं तर मला ते अतिशय आवडलं.

संध्याकाळी सेक्रेटरींनी गाडी मोठ्या थाटात मागे आणून आमच्या खिडकीसमोर लावली. मोठ्या भरतीचे दिवस होते.

सकाळी इमारत जागी झाली ती सेक्रेटरींच्या आवाजाने. गाडी चाकांच्या वरपर्यंत चिखलात बसली होती आणि चारी बाजूंनी पाणी चकाकत होतं. ते चालवायचा जितका प्रयत्न करत, तितकी ती आणखी खाली बसत होती. मग क्रेन आली. सगळे गॅलरीत आले आणि सल्ले सुरू झाले. डॉक्टर ओरडले, "सावकाश ओढा, हलवून हलवून. एकदम ओढलं तर मोडेल." काकू म्हणाल्या, "आधी माती बदला." मी खिडकीत उभा राहून हे ऐकत होतो आणि एका वर्षात पहिल्यांदाच तो सल्ला दुसऱ्या कोणाला दिला जात होता.

गाडी निघाल्यावर सेक्रेटरी तडक पालिकेत गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी फाटकातच गाठून विचारलं, "काय म्हणाले?"

"नोंदवून घेतली म्हणाले."

मी त्यांच्याकडे सहानुभूतीने बघितलं. मग हळूच आठवण करून दिली, की ठरावात 'जागा कोरडी असल्यामुळे' असे शब्द आहेत, आणि जागा तर कोरडी नाही. पुढचा कोपरा फुलांनी व्यापलेला, मागे चिखल. गाडी आता बाहेर रस्त्यावर असते. पालिकेचा निरीक्षक येऊन गेला, पण चौकट पाण्याखाली होती आणि त्याच्या पायात नवे बूट होते.

करपलेल्या दांड्यांच्या बुंध्यांशी महिन्याभरात हिरवं फुटलं. एका दुपारी बायकोने पान संपवलं, मान वर केली आणि बाहेर बघत म्हणाली, "अहो, तुमची उशी कुठे दिसत नाही ती?"

"कुठली उशी?"

"तुमची नेहमीची. ऑफिसातली." तिने बाहेर बोट केलं नाही, पण तिची नजर बरोबर त्या खालच्या टोकावर होती. तिथे पाण्यातून एक तुरा वर आला होता आणि त्याची खालची फुलं उमलली होती. सभेनंतर उशी कोंबताना मी खिडकीकडे बघितलंच नव्हतं, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं.

मी भिंतीवरचं घड्याळ पुसायला लागलो.

"एवढ्या वर्षांत," ती म्हणाली, "त्या उशीने पहिल्यांदा एक तक्रार खरोखर मिटवली."

तिने पुढचं पान ओढलं. मी दुसरी खुर्ची आणून तिच्या टेबलाशेजारी ठेवली आणि बसलो. खुर्ची कडक होती, टोचत होती, पण तिचं ते पान संपून तिने पुन्हा मान वर करेपर्यंत मी तिथून उठलो नाही.